जुनं लोखंडी कपाट हातातल्या इलेक्ट्रिक स्प्रे गनने रंगवताना ओघळ येतात आणि वासाने डोकं दुखतं. काय चुकतंय?

वासाचं आधी सांगतो, कारण ते मी भोगलंय. धूळ बसू नये म्हणून आईचं कपाट मी खिडक्या लावून आतल्या खोलीत रंगवायला घेतलं. अर्ध्या तासात गरगरायला लागलं, भिंत धरून बाहेर आलो. आता असलं काम गच्चीवरच करतो, सकाळी, वारा पडलेला असताना. रुमाल किंवा करोनातला मास्क रंग पातळ करायच्या टर्पेंटाइनची वाफ अडवत नाही. त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क लागतो. तो आणि गॉगल घेतल्याशिवाय गन हातात धरू नका. ही वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि पेटते. जवळपास शेगडी, उदबत्ती, विडी काही नको. गनमध्ये मोटर असते, तिची ठिणगी उडू शकते, त्यामुळे माहितीपत्रकात परवानगी नसेल तर एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं, फार लवकर पेटणारं थिनर) तिच्यात अजिबात घालू नका.

कपाट जुनं आहे म्हणता, तर कोरडं घासू नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगात शिसं जास्त असू शकतं, आणि कोरडं घासलं की ते विष धुळीतून अंगात जातं. वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करून घासा, मुलांना लांब ठेवा आणि निघालेला चिखल फडक्याने टिपून घ्या.

आता ओघळ. ऑइलपेंट डब्यातला तसाच भरला तर गन तो थेंबाथेंबाने थुंकते, आणि अंदाजाने टर्पेंटाइन ओतलं तर रंग पाण्यासारखा खाली येतो. गनसोबत बुडाला भोक असलेला छोटा कप येतो. तो रंगाने भरून किती सेकंदांत रिकामा होतो ते मोजा आणि माहितीपत्रकातल्या आकड्याशी जुळेपर्यंत थोडं थोडं टर्पेंटाइन घाला. मग जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळा. साय किंवा गुठळी नोझलमध्ये अडकली की सगळा फवारा बिघडतो.

आधी पुठ्ठ्यावर मारून बघा. अंतर वीतभर. मनगट वळवू नका, अख्खा हात दाराला समांतर सरकवा. ट्रिगर दाराच्या कडेबाहेर दाबा, दुसऱ्या कडेबाहेर गेल्यावर सोडा. बहुतेक ओघळ हात थांबला आणि ट्रिगर दाबलेलाच राहिला की येतात. पुढचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. रंगाच्या पहिल्या हातात, म्हणजे पहिल्या थरात, खालचा रंग दिसला तर दिसू द्या. तो झाकायच्या घाईतच रंग जाड बसतो. डब्यावर लिहिलेला वेळ सुकू द्या, मग दुसरा हात, हवा तर तिसरा. तरी ओघळ आलाच तर ओल्यात बोट लावू नका. पूर्ण सुकल्यावर वॉटर पेपरने उतरवा.

खिडकीचं ग्रिलही याच गनने करायचा विचार असेल तर नका करू. निम्म्याहून जास्त रंग गजांमधून शेजाऱ्याच्या गाडीवर जाईल, तिथे ब्रशच बरा.

काम संपल्यावर लगेच प्लग काढा, नोझल आणि सुई खोलून टर्पेंटाइनने धुवा. नोझलचं भोक तारेने टोकरू नका, टूथपिक घ्या. ऑइलपेंटची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेटू शकतात. दोरीवर एकेक पसरून उघड्यावर वाळवा.