डीआयसिंग दोनदा का झालं, आणि ते ठरवतं कोण?

टोरांटोहून मुंबईला निघताना तुमच्या विमानावर डीआयसिंगची, म्हणजे बर्फ काढणाऱ्या द्रवाची फवारणी झाली, मग रांगेत उभं राहून ते परत फिरलं आणि पुन्हा फवारणीला गेलं. हा वेळ कोणाच्या चुकीमुळे गेला, असं तुम्ही विचारलंय. चूक कोणाचीच नाही. कॅप्टनने जे करायला हवं तेच केलं. मी इथे कॅनडातच वैमानिक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅनडाचा नियम कडक आहे. पंख, शेपटी अशा महत्त्वाच्या भागांना दहिवर (गोठलेलं दंव), बर्फ किंवा हिम चिकटलेलं असेल तर उड्डाणाचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही. सँडपेपरसारखा खरखरीत थर बसला तरी पंखाची उचल (विमान वर उचलून धरणारं बल) ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते. टॉवरने परवानगी दिली म्हणजे पंख स्वच्छ आहेत असं होत नाही. शेवटी जबाबदारी कॅप्टनचीच.

आधी मारतात तो गरम, केशरी द्रव बर्फ काढतो. नंतरचा दाट हिरवा द्रव पंखावर टिकून राहतो आणि पडणारं हिम काही काळ जिरवतो. तो काळ तापमान आणि हिमाच्या जोरावर अवलंबून असतो, आणि शेवटची फवारणी सुरू झाल्या क्षणापासून मोजतात. रांगेत असताना हिम वाढलं की मुदत आखडते. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियावर दुसऱ्या फवारणीनंतर सुमारे ३५ मिनिटांनी एका फोकर विमानाने उड्डाण केलं आणि ते कोसळलं. २७ जण गेले. म्हणून शंका आली की आमच्यापैकी एक जण केबिनमध्ये येऊन खिडकीतून पंख बघतो. द्रवाची चकाकी गेली असेल, वर हिम साचत असेल, तर परत फिरायचं. त्यात वाद नाही.

तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पंखावर बर्फ दिसला तर प्रवाशाने बोलावं का? जरूर बोलावं. १० मार्च १९८९ ला टोरांटोच्याच ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ड्रायडनला हिम पडत होतं. विमानाचा एपीयू (जमिनीवर मुख्य इंजिन सुरू करून देणारं छोटं इंजिन) बंद पडलेला, तिथे इंजिन सुरू करून द्यायची सोय नाही, म्हणून एक इंजिन चालूच ठेवलं; आणि इंजिन चालू असताना त्या विमानाचं डीआयसिंग करायला मनाई होती. विमान तसंच निघालं आणि धावपट्टीपलीकडच्या झाडीत कोसळलं. ६९ पैकी २४ जण दगावले. पंखावरचं हिम केबिनमधून दिसत होतं. प्रवासी म्हणून बसलेल्या दोन वैमानिकांनाही दिसलं होतं, पण कॉकपिटपर्यंत कोणीच निरोप पोचवला नाही. या अपघाताची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती मोशान्स्की आयोगाने पुढे कंपनी आणि सरकारी देखरेख दोन्हींची झडती घेतली. आज कुठल्याही कर्मचाऱ्याला पंखावर बर्फ दिसला, तर ताबडतोब कॅप्टनला कळवणं सक्तीचं आहे, आणि कळल्यावर उड्डाणाआधी पंख तपासणंही.

तेव्हा खिडकीतून हिरवट, जेलीसारखं काही ओघळताना दिसलं तर तो द्रवच आहे. पण पंखावर पांढरा थर बसलेला दिसला, तर केबिन क्रूला हाक मारा आणि ‘कॅप्टनला आत्ता सांगा’ असं स्पष्ट म्हणा. विमान चालू लागलेलं असलं तरीही.