पुस्तक निघालं, पण हातात पडलं का?

प्रिय,

सप्रेम आशीर्वाद.

ॲपवर मागितलेलं ग्रंथालयाचं पुस्तक रोबोटने आवारातल्या वाचकापर्यंत पोचवायचं, हा तुझा आराखडा दोनदा वाचला. ॲपचे चौदा स्क्रीन आहेत, रोबोटचं चित्र तीन बाजूंनी काढलं आहे, बॅटरीचा हिशेबही मांडला आहे. पण एक माणूस मला त्यात कुठेच सापडला नाही. मागणी आल्यावर जो कपाटापर्यंत जाईल, वर्गांक (पुस्तकाची कपाटातली जागा सांगणारा विषयाचा क्रमांक) बघून पुस्तक काढेल आणि काउंटरवर आणून ठेवेल, तो ग्रंथालय परिचर. तुझ्या आकृतीत 'मागणी आली' या चौकटीतून बाण थेट 'रोबोट निघाला' या चौकटीत जातो. मधे पुस्तक आपल्या पायांनी चालत आलं असावं.

मी देवघेव काउंटरवर बरीच वर्षं काढली आणि नंतर ग्रंथालयांत संगणकप्रणाली बसवण्याचं काम केलं, म्हणून जरा हट्टानेच सांगते. मधलं अंतर रोबोट कापेल, त्याची मला फारशी काळजी नाही. ही सेवा अडेल ती दोन टोकांना. एक टोक कपाटापाशी, दुसरं वाचकाच्या हातापाशी.

आधी कपाटाचं बघू. तालिकेत, म्हणजे ग्रंथालयाच्या पुस्तकांच्या यादीत, 'उपलब्ध' दिसतं त्याचा अर्थ एवढाच, की ते पुस्तक सध्या कुणाच्या नावावर नाही. ते वाचनकक्षातल्या टेबलावर पडलेलं असेल, परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात असेल, बांधणीला गेलेलं असेल आणि नोंद करायची राहिली असेल, किंवा परीक्षेच्या तोंडावर कुणीतरी ते मुद्दाम दुसऱ्याच विषयाच्या कपाटात दडवून ठेवलं असेल. (दडवणाऱ्यांची कल्पकता बघून मला कधी कधी कौतुकही वाटायचं.)

एका ग्रंथालयात आम्ही 'मागा आणि तासाभरात काउंटरवरून न्या' अशी सोय सुरू केली होती. रोबोट नाही, ॲप नाही, साधा ऑनलाइन अर्ज. मागणी नोंदवली की लगेच 'तुमचं पुस्तक येत आहे' असा संदेश जायचा. तो मजकूर माझाच. पहिल्याच आठवड्यात काउंटरसमोर चिडलेल्या मुलांची रांग लागली, कारण पुस्तक येत नव्हतं, परिचर अजून ते शोधत होता. मग आम्ही संदेश बदलला. आधी 'शोधत आहोत', आणि पुस्तक हाती लागून बारकोड स्कॅन झाल्यावरच 'मिळालं'. शोधायला लागणारा वेळ तेवढाच राहिला, तक्रारी मात्र आटल्या. तुझ्या ॲपमध्ये 'मिळालं' येईपर्यंत वेळेचं कुठलंही वचन देऊ नकोस. आणि परिचरासाठी एक वेगळा स्क्रीन कर: मागण्या आलेल्या क्रमाने नव्हे तर वर्गांकाच्या क्रमाने लावलेल्या, म्हणजे एका फेरीत सगळी पुस्तकं निघतील. 'सापडलं नाही' हे बटण मोठं ठेव, लपवू नकोस.

शिकागो विद्यापीठाच्या मॅन्सुएटो ग्रंथालयाचं उदाहरण तू दिलं आहेस. २०११ मध्ये उघडलेल्या त्या ग्रंथालयात सुमारे ३५ लाख ग्रंथ मावतील एवढं भांडार जमिनीखाली आहे आणि यांत्रिक क्रेन तिथून खोकी वर काढतात. पण तिथे कपाटापाशी वाचकाचा हात पोचतच नाही. कुठला बारकोड कुठल्या खोक्यात आहे हे यंत्राला ठाऊक असतं, कारण ठेवणारंही तेच. तुझ्या ग्रंथालयात मोकळी कपाटं आहेत, दिवसभर शेकडो हात त्यांतून फिरतात. त्या उदाहरणावरून तू लावलेला वेळेचा अंदाज खोडून टाक.

नोंदीबद्दल थोडंसं. पुस्तक वाचकाच्या नावावर नेमकं कधी चढवायचं? रोबोटमध्ये ठेवताना चढवलं आणि रोबोट वाटेत बंद पडला, तर मुदतीचे दिवस न मिळालेल्या पुस्तकासाठी मोजले जातील. म्हणून रोबोटचा डबा उघडून पुस्तक बाहेर निघालं की मगच इश्यू, म्हणजे वाचकाच्या नावावर नोंद. तोवर ते 'वाटेत'. शाखा-शाखांमध्ये पुस्तकं फिरतात त्यांच्यासाठी ही अवस्था कोहासारख्या ग्रंथालयाच्या संगणकप्रणालीत आधीपासून आहे, नवी शोधायला नको. स्वतः पुस्तक नोंदवायची जी यंत्रं ग्रंथालयात असतात ती एसआयपी-२ या ठरलेल्या भाषेत मुख्य प्रणालीशी बोलतात. तुझा डबा त्यांच्यासारखंच एक यंत्र आहे असं समजून जोड, म्हणजे संगणक विभाग दारातूनच परत पाठवणार नाही. पुस्तकांना आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी वाचता येणाऱ्या चिपच्या चिठ्ठ्या) असतील तर पुस्तक खरंच बाहेर गेलं का हे डब्यालाच कळेल. फक्त डबा धातूचा नको. १३.५६ मेगाहर्ट्‌झवर चालणाऱ्या या टॅगना आसपासचा धातू मानवत नाही.

आता दुसरं टोक. तुझं गृहीत असं, की रोबोट थेट वाचकापाशी जाईल. जरा आकडे मांडू. अंतर ४०० मीटर, वेग सेकंदाला एक मीटर. जायला साधारण पावणेसात मिनिटं, यायला तेवढीच. भरायला ३ मिनिटं आणि वाचक खाली उतरेपर्यंत ५ मिनिटं थांबणं. म्हणजे एका पुस्तकामागे सव्वाएकवीस मिनिटं, तासाला तीन फेऱ्यासुद्धा नाहीत. चार्जिंगचा वेळ यात धरलेलाच नाही. तास सुटल्यावर एकदम वीस मागण्या आल्या तर शेवटच्या वाचकाचं पुस्तक पोचेपर्यंत संध्याकाळ होईल, चालत गेलं असतं तर तो दहा मिनिटांत परत आला असता.

उपाय साधा आहे, दिसायला मात्र तितका भारी नाही. सहा कप्प्यांचा रोबोट, चार-पाच ठरलेले थांबे आणि वेळापत्रक. बससारखं. प्रत्येक थांब्यावर तो सात-आठ मिनिटं उभा राहील, ज्याचं पुस्तक आहे त्याने येऊन घ्यावं, नाही आला तर पुढच्या फेरीला. आणखी एक गणित लक्षात ठेव. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगांचा नियम सांगतो, की तासाला २० मागण्या येत असतील आणि एकेक मागणी पुरी व्हायला सरासरी अर्धा तास लागत असेल, तर कुठल्याही क्षणी सरासरी १० मागण्या अर्धवट असतात. त्यांतली निम्मी तरी पुस्तकं काउंटरच्या मागे कुठेतरी पडून राहणार. ती जागा तू आखली आहेस का? नसेल तर ग्रंथपालांशी पहिलं भांडण त्यावरूनच होईल, आणि बाजू त्यांची खरी असेल.

परतीचंही तसंच. जॉर्ज मेसन विद्यापीठात २०१९ पासून सहा चाकांचे रोबोट आवारात खाणं पोचवतात, हे तू लिहिलं आहेस. पण खाणं एकाच दिशेने जातं, पुस्तकाला परत यायचं असतं. येताना रिकामा येणारा रोबोट म्हणजे निम्मा प्रवास वाया. थांब्यावर परतीची पुस्तकं घे, मात्र पावती तिथल्या तिथे दे, नाहीतर 'मी तर रोबोटात टाकलं होतं' हे वाक्य तुला रोज ऐकायला मिळेल.

यंत्राबद्दल मी कमीच बोलते, ते तुला जास्त कळतं. तरी काच बघ. लायडारचा, म्हणजे रोबोटच्या अंतर मोजणाऱ्या लेसरचा, किरण काचेतून आरपार जातो आणि दार उघडं आहे असं रोबोटला वाटतं, म्हणून नकाशात काचा हाताने भराव्या लागतील. लिफ्ट पहिल्या आवृत्तीत नकोच. डब्याची झाकणं पावसात पाणी आत घेणार नाहीत अशी हवीत, भिजलेलं पुस्तक वाळवता येतं पण पहिल्यासारखं होत नाही. फोनची बॅटरी संपलेल्या वाचकाला ओळखपत्रावर डबा उघडता यायला हवा. आणि वाचनकक्षात हे यंत्र फिरता कामा नये, कितीही हळू आवाज केला तरी.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसणार. तुझ्या नमुन्यातली सूचना अशी आहे: 'तुमचं अमुक पुस्तक आलं आहे'. ही सूचना बंद फोनच्या स्क्रीनवरही दिसते, मित्रांच्या घोळक्यात. पुस्तक नैराश्यावरचं असेल तर? एखाद्या आजारावरचं असेल तर? सूचनेत फक्त मागणी क्रमांक जाऊ दे, कप्प्यातल्या चिठ्ठीवरही तोच, नाव नको. पुस्तक परत आलं की कुणी काय वाचलं हा दुवा तोडून टाक. 'शिफारशींसाठी उपयोगी पडेल' म्हणून तू तो जपून ठेवला आहेस. त्या शिफारशी नसल्या तरी चालतील. रोबोटच्या कॅमेऱ्यात येणारे चेहरेही साठवायचे नाहीत.

ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१च्या पाच सूत्रांपैकी चौथं, 'वाचकाचा वेळ वाचवा', तू पहिल्या पानावर लिहिलं आहेस. त्याच्यावर तिसरंही लिही: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. कपाटापाशी गेलेला माणूस मागितलेल्या पुस्तकाच्या शेजारचंही उचलतो. तुझ्या सेवेत तो कपाटापर्यंत जाणारच नाही. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या हंट ग्रंथालयात पुस्तकं यंत्राच्या ताब्यात असतात, म्हणून तिथे स्क्रीनवर शेजारची पुस्तकं दाखवायची सोय केलेली आहे. तूही मागणीच्या स्क्रीनवर डावी-उजवीकडची पाच-पाच पुस्तकं दाखव, वर्गांकाच्या क्रमाने, लोकप्रियतेच्या नव्हे. हे काम दोन दिवसांचं आहे, आणि तुझ्या चौदापैकी निदान चार स्क्रीनपेक्षा जास्त कामाचं.

रोबोट अजून मागवू नकोस. दोन आठवडे तूच रोबोट हो. ग्रंथालयातली जुनी ढकलगाडी घे, मागण्या साध्या अर्जावर घे, आणि पुस्तकं पोचव. नियम कडक पाळ: सेकंदाला एक मीटरच चालायचं, पायऱ्या चढायच्या नाहीत, दार कुणी उघडलं नाही तर तिथेच उभं राहायचं, कुणाला रस्ता विचारायचा नाही, गप्पा तर मुळीच नाहीत. कुठे अडकायला झालं, किती वेळ, कोण आलं नाही, कुठलं पुस्तक सापडलं नाही, ते वहीत लिही. कुबड्या घेऊन चालणारं किंवा प्रयोगशाळा सोडता न येणारं कुणी मागणी करतं का, तेही. जे आजवर ग्रंथालयात फिरकलेच नाहीत त्यांची नावं न लिहिता नुसती संख्या मोज.

गाडी घेण्याआधी तिची चाकं बघून घे, त्यांतलं एक नेहमी डावीकडे ओढतं. आणि वहीची पहिली दहा पानं भरली की फोटो काढून पाठव.

तुझी,
बाई