रेडिओ डिजिटल झाला तर इंदूरमधल्या आमच्या आजोबांचा जुना संच बंद पडेल का?

लगेच तरी नाही. संच भंगारात मुळीच देऊ नका.

आपल्याकडचं एफएम अजून ॲनालॉगच, म्हणजे जुन्या, बिगर-डिजिटल पद्धतीचंच आहे. इंदुरात 2001 पासून खासगी एफएम ऐकतो, तंत्र तेच. आकाशवाणीने डिजिटलचं काम मुख्यतः मध्यम लहरींवर (संचावरचं ‘एमडब्ल्यू’) केलं, डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) या डिजिटल प्रक्षेपणाच्या पद्धतीनं. त्यात एकाच ट्रान्समीटरवरून ॲनालॉग आणि डिजिटल प्रक्षेपण शेजारी-शेजारी देता येतं. ॲनालॉग चालू आहे तोवर आजोबांचा रेडिओ बोलत राहील. नुसत्या डिजिटल प्रक्षेपणावर काटा नेला तर मात्र खरखरच ऐकू येईल.

डिजिटलचे फायदे खरे आहेत: आवाज स्वच्छ, एकाच फ्रिक्वेन्सीवर जास्त कार्यक्रम, ट्रान्समीटरला वीजही कमी. पण सिग्नल क्षीण झाला की जुना रेडिओ खरखरत का होईना बातमी पोचवतो, डिजिटल एकदम गप्प होतो. राजवाड्याच्या आसपासच्या जुन्या, जाड भिंतींच्या घरांत हा फरक जाणवेल.

नॉर्वेनं 2017 मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचं एफएम बंद केलं (स्थानिक केंद्रं बरीचशी एफएमवरच राहिली). तिथं जुन्या गाड्यांतल्या रेडिओंचा प्रश्न मोठा झाला. आपल्याकडे काही नव्या गाड्यांत डीआरएम बसवूनच येतो, पण घरी वापरायचे स्वस्त संच दुकानांत दिसत नाहीत. ते मिळू लागण्याआधी ॲनालॉग बंद करणं म्हाताऱ्या श्रोत्यांवर अन्याय ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

तोपर्यंत आजोबांच्या संचाचे सेल वेळेवर बदला, आणि मध्यम लहरींवर आवाज दबला तर संच आडवा फिरवून बघा. अँटेना आतच असतो, दिशा बदलली की फरक पडतो.