अमेरिकन कॅम्पिंग ट्रेलरचे व्हिडिओ बघून जुन्या मॅटाडोरचं इंटिरियर कॅम्परसारखं करायचंय, आतलं जुनं सगळं काढून फेकणार आहे, फ्लोअरला कुठलं प्लायवूड वापरू आणि खर्च किती येईल?

प्लायचं आधी सांगतो. १२ एमएमचं बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही न सुटणारं मरीन प्लाय) घ्या, शिक्क्यावर आयएस ७१० हा मानक क्रमांक बघून. १८ एमएमची गरज नाही, ८ बाय ४ ची एक शीट ३५ किलोच्या आसपास जाते आणि ते वजन गाडीने कायम ओढायचंय. दुकानदार आयएस ३०३ वालं बीडब्ल्यूआर (पाण्याला कमी टिकणारं) 'तेच आहे साहेब' म्हणून गळ्यात मारतो. ते घरातल्या कपाटाला ठीक आहे, मुंबईच्या पावसात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फ्लोअरला अजिबात नाही.

पण तुम्ही लिहिलंय की आतलं जुनं सगळं काढून फेकणार, आणि ते वाचून राहवलं नाही.

आमच्या बाबांची मॅटाडोर होती, आकुर्डीची, बजाज टेम्पोची म्हणजे आत्ताची फोर्स. भांडुपमध्ये शाळेची मुलं ने-आण करायचे. त्यांनी काम थांबवल्यावर गाडी घरच्यांसाठी, कोकणात जायला ठेवायची असं ठरलं आणि दादाने माझं काही न ऐकता ती एका गॅरेजला दिली, म्हणाला गंजका पत्रा आणि कुजकं लाकूड, यात ठेवण्यासारखं आहे काय. त्या लोकांनी काहीही न उघडता जुन्या फ्लोअरवर नवीन प्लाय ठोकलं, वर व्हिनाइल चिकटवलं, भिंतींना पीव्हीसी पॅनल, छताला एलईडी पट्ट्या. दिसायला चकचकीत, फोटोंना भरपूर लाइक्स. जुलैत दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास नाकात जायचा. दादा म्हणे मुंबईत दमटपणा असायचाच.

दमटपणा नव्हता, गळती होती. व्हिनाइल उचललं तर नवीन प्लायचे पापुद्रे सुटलेले आणि खालचं जुनं फेल्ट पिळलं तर पाणी निघत होतं. पाणी खालून येत असेल असंच सगळ्यांना वाटतं. मी आतून काचांच्या कडेने आणि खांबांच्या बुडाशी कोरडी रांगोळी भुरभुरली आणि बाहेरून पाइपने पाणी मारायला सांगितलं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. खालचा भाग झाला, दारं झाली, रांगोळी कोरडीच. पाइप छताच्या पन्हळीवर आला आणि डावीकडच्या खांबाशी रांगोळीत एक काळपट रेघ उतरत आली. पन्हळीच्या जोडावरचं सीलंट तडकलेलं, पाणी खांबाच्या आतून सरळ फ्लोअरच्या कोपऱ्यात. पुढच्या काचेचं रबरही कडक झालेलं, ते कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळालं. हे दोन्ही न करता कितीही महागडं प्लाय टाका, दोन पावसाळ्यांत परत तेच.

तुम्ही ज्या अमेरिकन कॅम्पिंग ट्रेलरचे व्हिडिओ बघताय त्यांचं वेगळं असतं. त्यातल्या बऱ्याच जुन्या ट्रेलरना बाहेर ॲल्युमिनियम आणि आत लाकडी सांगाडा असतो, पाणी शिरलं की सांगाडाच कुजतो म्हणून त्यांना भिंती उघडाव्याच लागतात. आपल्या गाडीचा सांगाडा पत्र्याचा. गंज वायर ब्रशने काढा, गेलेला पत्रा कापून नवीन वेल्ड करा, वर इपॉक्सी प्रायमर. नुसतं रेड ऑक्साइड मारून सोडू नका, ते ओल धरतं. प्लायच्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं सील केल्याशिवाय शीट बसवू द्यायची नाही, पाणी तिथूनच पितं. कारागीर कंटाळतात, समोर उभं राहून करून घ्या.

आणि जुनं ठेवण्यासारखं काय, याचंही उत्तर देतो. खिडक्यांखाली बाबांनी सुताराकडून बसवून घेतलेल्या सागवानी पट्ट्या होत्या, मुलांच्या हातांनी काळ्या पडलेल्या. पीव्हीसी पॅनलच्या मागे तशाच होत्या, नशीब. पॉलिश पेपर हलका फिरवून तेल दिलं तर आतलं लाकूड टणक, एकही पट्टी बदलावी लागली नाही. दादाच्या नव्या प्लायची तोवर माती झालेली. सीटचंही तसंच, स्प्रिंगा धड असतील तर ठेवा आणि वर रबराइज्ड कॉयर (रबर लावलेला काथ्या) घाला, स्वस्तातला फोम इथल्या हवेत ओल धरून बसतो. दादा आजही म्हणतो की सनमायका मारला असता तर स्वस्तात झालं असतं. त्याने त्या गॅरेजला दिलेले पैसे आणि मी नंतर केलेला खर्च शेजारी शेजारी लिहून त्याला दाखवलेत, त्यावर तो विषय बदलतो.

तुमच्या खर्चाचा आकडा फ्लोअर उचलल्याशिवाय कोणीच सांगू शकत नाही, फोटो बघून कोटेशन देणाऱ्याकडे जाऊ नका.

एक राहिलंच, सीट काढून बेड टाकणार असाल तर आसनसंख्या बदलते, त्याची आरसी बुकात नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मूळ रचनेतल्या फेरफारांबद्दल कडक भूमिका घेतलीय, तेव्हा सुताराला बोलवायच्या आधी आरटीओत विचारून या. आणि काम दिवाळीनंतर काढा, पावसाळ्यात प्रायमर नीट वाळत नाही.