डर्ट बाइकचा आवाज फार होतो, शेजारी वैतागलेत. काय करू?

नवा सायलेन्सर घेण्याआधी जुना उघडून बघा. आतल्या भोकाभोकांच्या नळीभोवती काचेच्या लोकरीचं पॅकिंग असतं, आवाज तेच शोषतं. माझं उघडलं तेव्हा मूठभर काळा भुगाच निघाला! रिवेट ड्रिलने काढून नवं पॅकिंग भरलं, तर कर्कशपणा एकदम उतरला. ते ठासून कोंबू नका, पण सैलही नको. इंजिनला पाइप जोडतो तिथे काजळीचे डाग दिसले तर गॅस्केट (सांध्यातली सील करणारी चकती) बदला, फटफट आवाज तिथूनच येतो. एवढ्यावर भागलं नाही तर सायलेन्सरच्या शेवटच्या टोकात इन्सर्ट (बाहेर पडायचं भोक लहान करणारा तुकडा) बसवा. वरच्या आरपीएमला ताकद थोडी घटते, कार्ब्युरेटरचं जेटिंगही (पेट्रोल किती जातं ते ठरवणाऱ्या जेटचं माप) तपासावं लागतं. टू-स्ट्रोक असेल तर इंजिन आणि सायलेन्सरमधल्या फुगीर पाइपला, म्हणजे एक्सपान्शन चेंबरला, हात लावू नका. आणि सकाळी गाडी गल्लीबाहेर ढकलत नेऊनच सुरू करा, शेजाऱ्यांना हे लगेच जाणवतं.