दीड लाखाचा कोर्स आत्ता नको

तुमची मुलगी पुण्यात बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सिस्टिम डायनॅमिक्सनं, म्हणजे साठे, प्रवाह आणि विलंब मांडून संगणकावर व्यवस्था चालवून पाहण्याच्या पद्धतीनं, जागतिक ऊर्जा बाजाराचं मॉडेलिंग शिकायचंय, म्हणून दीड लाखाचा ऑनलाइन कोर्स लावू का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता लावू नका. व्हेन्सिम या त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची पीएलई आवृत्ती शिकणाऱ्यांना फुकट मिळते. पुढचे तीन महिने तिला त्यावर एकाच इंधनाचं मॉडेल बांधू द्या. तेल, कोळसा, सौर सगळं एकदम घेतलं की चूक कुठे आहे तेच सापडत नाही.

नैसर्गिक वायू घ्यावा, कारण त्याची झळ पुण्यातल्या रिक्षाच्या सीएनजीपर्यंत येते. 2014 च्या सूत्रानुसार देशी वायूचा सरकारी दर सहा महिन्यांनी बदलायचा आणि तो निघायचा परदेशातल्या भावांच्या वर्षभराच्या सरासरीवरून, तीही एक तिमाही जुनी. त्यामुळे परदेशातली भाववाढ इथे उशिरा पोचली: ऑक्टोबर 2021 मध्ये 2.90 डॉलर प्रति एमएमबीटीयू (वायूतली ऊर्जा मोजायचं एकक) असलेला दर एप्रिल 2022 मध्ये 6.10 आणि ऑक्टोबरमध्ये 8.57 झाला. एप्रिल 2023 पासून तो भारतीय क्रूड बास्केटच्या, म्हणजे भारत घेतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या, 10 टक्के धरून दर महिन्याला ठरतो. दोन्ही सूत्रं एकाच मॉडेलमध्ये चालवून पाहिली की विलंब काय करतो ते आपोआप कळतं.

मग पुरवठा. भाव चढला की एलएनजीचे (द्रवरूप केलेल्या नैसर्गिक वायूचे) प्रकल्प मंजूर होतात, पण उभे राहायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर भाव चढाच राहिला तर आणखी मंजूर होतात आणि शेवटी सगळा माल एकदम बाजारात येतो. बांधकाम चालू असलेली क्षमता वेगळा साठा म्हणून दाखवायचं नवशिके हमखास विसरतात. मग आलेख छान सपाट येतो, आणि तो चुकीचा असतो. काळाचं पाऊल, म्हणजे मॉडेल एका वेळी जितका काळ पुढे सरकतं तो, सर्वांत छोट्या विलंबाच्या पावपटीहून मोठं नको. ते निम्मं करून आलेख बदलला, तर आधीच्यावर विश्वास ठेवू नये. एककंही तपासावीत: 1 दशलक्ष टन एलएनजी म्हणजे सुमारे 1.36 अब्ज घनमीटर वायू.

नोकरीचं म्हणाल, तर ‘सिस्टिम डायनॅमिक्स’ नावाची जागा क्वचितच निघते. ऊर्जा विश्लेषक, वीज खरेदी, भावाचा अंदाज अशा नावांनी शोधा. तिथे पायथन लागतंच. वीज एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात, दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक असतात, ते एक्सेलमध्ये किती दिवस ओढणार? गोखले इन्स्टिट्यूटचं एमएस्सी इकॉनॉमिक्स तिच्या पायाला जुळतं. पुण्यातल्याच ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाचे अहवाल तिनं आतापासून वाचावेत.

तीन महिन्यांनी 2022 ची भाववाढ मॉडेलमध्ये का आली किंवा का आली नाही, हे तिला तुम्हाला समजावता आलं, तर कोर्सचा अभ्यासक्रम मला पाठवा. तेव्हा पैशांचं बोलू.