वाचकांचे प्रश्न : चुनखडीच्या दरीतली नदी

प्रश्न : आम्ही काही मित्र सह्याद्रीत नियमित भटकंती करतो. सांदण दरी, हरिश्चंद्रगडाची नळीची वाट अशा वाटा आम्ही केल्या आहेत. पुढील वर्षी युरोपात जाणे होणार असून त्याला जोडून मोंटेनेग्रोमधील म्र्त्वित्सा नदीच्या दरीत पायी जावे, असा विचार आहे. तारा नदीच्या प्रसिद्ध दरीच्या मानाने तेथे वर्दळ फारच कमी असते, असे समजले. चुनखडीच्या प्रदेशात आमचा सह्याद्रीतला अनुभव कितपत उपयोगी पडेल आणि कोणती काळजी घ्यावी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : कड्याच्या कडेने चालण्याची सवय, पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चढउतार करण्याची ताकद आणि सोबत्यांचा अंदाज या गोष्टी आपल्याला तेथेही पूर्णपणे उपयोगी पडतील. मात्र आभाळाकडे आणि समोरच्या ओढ्याकडे पाहून पाण्याचा अंदाज बांधण्याची जी सवय आपल्या डोळ्यांना लागली आहे, तिच्यावर तेथे विसंबून राहू नये. माझ्या मते या दरीत उतरण्यापूर्वी समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

सह्याद्रीचा बेसाल्ट पाऊस फारसा आत घेत नाही. घाटमाथ्यावर सर कोसळली की पाणी उतारावरून ओहळात, ओहळातून नाळेत आणि नाळेतून नदीत डोळ्यांदेखत येते, आणि पाऊस थांबला की बहुधा तितक्याच लवकर ओसरते. चुनखडीचे वागणे याहून अगदी निराळे आहे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते, खडकाच्या फटींमध्ये शिरून हजारो वर्षे तो खडक विरघळवत राहते, आणि त्या फटींचे पुढे नळ, भुयारे आणि गुहा बनतात. म्हणूनच अशा पठारावर भरपूर पाऊस पडूनही ओढे दिसत नाहीत. दिसतात ते बशीसारखे खोलगट खड्डे आणि पाणी गिळणारी विवरे. शाळेच्या भूगोलात आपण ज्याला कार्स्ट भूरूपे म्हणून शिकलो, त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास १८९३ मध्ये योवान त्स्वियिच या सर्बियन भूगोलतज्ज्ञाने मांडला, तो प्रामुख्याने मोंटेनेग्रोतूनही जाणाऱ्या याच दिनारिक पर्वतरांगांच्या आधारे.

म्र्त्वित्साची दरी मागानिक आणि मोराचा पर्वत यांच्या मधोमध आहे. मागानिकचे सर्वोच्च शिखर २,१३९ मीटर उंच आहे. त्या उजाड पठारावर जे पाणी जमिनीत जाते, ते कोठे आणि किती वेळाने बाहेर पडेल, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. अशा प्रदेशांत शास्त्रज्ञ विवरात चमकदार रंग सोडून तो कोणत्या झऱ्यातून निघतो हे तपासतात, कारण पाण्याचा जमिनीखालचा मार्ग डोंगराचा माथा पाहून ठरवता येत नाही. परिणामी दरीत लख्ख ऊन असतानाही काल रात्री पठारावर झालेल्या पावसाने झरे फुगू शकतात. याउलट, कोरड्या उन्हाळ्यात कार्स्ट नद्यांच्या पात्राचा एखादा भाग कोरडा पडतो आणि पुढे पाणी पुन्हा वर येते. म्हणून निघण्याचा दिवस ठरवताना त्या सकाळच्या आभाळापेक्षा मागच्या दोन-तीन दिवसांत डोंगरावर किती पाऊस झाला, याची चौकशी गावात अवश्य करावी. झऱ्याचे पाणी अचानक गढूळ झालेले दिसले किंवा त्याचा आवाज वाढला, तर पुढे न जाता उंच जागी यावे.

ऋतूंचा हिशेबही येथे बदलतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा पावसाचा काळ असतो. तेथे उन्हाळा तुलनेने कोरडा आणि सर्वाधिक पाऊस शरदाच्या अखेरीस व हिवाळ्यात असतो. याच देशातील किनाऱ्याजवळचे त्स्र्क्वित्से हे युरोपातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक असून तेथे वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, यावरून या डोंगरांवर किती पाणी पडते याची कल्पना येईल. एप्रिल-मेमध्ये बर्फ वितळल्याने नदी भरलेली असते. जूनचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर हे दिवस मला सर्वांत योग्य वाटतात. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते आणि दुपारनंतर डोंगरावर वादळी पाऊस होऊ शकतो, म्हणून पहाटे लवकर निघावे.

वाट मेजुरिएच्ये या गावापासून सुरू होते, जेथे म्र्त्वित्सा मोराचा नदीला मिळते, आणि दरीच्या वरच्या टोकाला वेल्ये दुबोको या छोट्या गावी पोहोचते. खालच्या टप्प्यात प्रिन्स दानिलो यांनी १८५८ मध्ये आपल्या आईच्या स्मरणार्थ बांधलेला दगडी पूल लागतो, आणि नदीलगत ‘इच्छांचे दार’ या नावाने ओळखली जाणारी खडकाची नैसर्गिक कमान आहे. त्यानंतर वाट चढत जाऊन उभ्या कड्यात कोरलेल्या पट्टीवर येते, आणि नदी खूप खाली राहते. दरीची खोली काही ठिकाणी हजार मीटरहून अधिक आहे. कोरलेली ही पट्टी चालायला कठीण नाही, परंतु वरून दगड पडण्याचा धोका खरा आहे, म्हणून शिरस्त्राण जरूर न्यावे आणि तेथे विश्रांतीला थांबू नये. चुनखडीचा खडक कोरडा असताना बुटाला छान पकड देतो. ओला झाला, विशेषतः अनेकांच्या पावलांनी गुळगुळीत झालेल्या जागी, की कमालीचा निसरडा होतो. वाटेवरच्या खुणा म्हणजे पांढरा ठिपका आणि त्याभोवती तांबडे कडे. ही पद्धत स्लोव्हेनियाच्या अलोइझ क्नाफेल्त्स यांनी १९२२ मध्ये घालून दिली आणि त्या साऱ्या भागात तीच वापरली जाते. अरुंद दरीत उपग्रहांचा संकेत कड्यांवर आपटून मोबाइलवरील स्थान चुकीचे दाखवले जाऊ शकते, त्यामुळे या खुणांवरच अधिक भिस्त ठेवावी. फोनला रेंज मिळेलच असे नाही. परतण्याची वेळ गावात कोणाला तरी सांगून जावे. संकटकाळी ११२ हा क्रमांक आहे.

नाकावर शिंग असलेला एक विषारी सर्प, ज्याला स्थानिक लोक पोस्कोक म्हणतात, या तापलेल्या खडकांवर आढळतो. हात टेकण्यापूर्वी जागा पाहावी. दंश झाल्यास जखम कापू नये आणि विष ओढून काढण्याचा प्रयत्न करू नये. तो अवयव स्थिर ठेवून लवकरात लवकर वैद्यकीय मदत गाठावी.

प्रवासाबाबत एकच सूचना करतो. राजधानी पोदगोरित्सा आणि कोलाशिन हे गाव यांना जोडणारा जुना रस्ता मोराचाच्या दरीतून मेजुरिएच्येवरून जातो. २०२२ मध्ये नवा महामार्ग सुरू झाल्यापासून अनेक गाड्या तिकडून जातात. बसमध्ये बसण्यापूर्वी ती कोणत्या रस्त्याने जाणार हे चालकाला विचारून घ्यावे. मोंटेनेग्रो शेंगेन क्षेत्रात (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, म्हणून प्रवेशाचे त्या वेळचे नियम दूतावासाकडून पाहून घ्यावेत.

प्रश्न : अशा दरीतले झऱ्याचे पाणी खडकातून गाळून येत असल्याने थेट पिण्यास हरकत नसावी ना?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ते दिसते निर्मळ, परंतु चुनखडीच्या रुंद भुयारांतून वाहताना पाणी गाळले जात नाही. वाळू किंवा माती यांच्या थरांतून हळूहळू झिरपणाऱ्या पाण्याची गोष्ट वेगळी. मोंटेनेग्रोच्या पठारांवर उन्हाळ्यात धनगर मेंढ्या घेऊन राहतात. तेथील लेंड्या आणि मेलेली जनावरे ज्या खड्ड्यांत जातात, तेच पाणी खाली झऱ्यातून निघू शकते. पाणी उकळून किंवा चांगल्या गाळणीतून गाळूनच प्यावे. पठारावर जाणार असाल, तर तेथे पाणी मुळीच मिळणार नाही असे धरून खालूनच पुरेसे न्यावे.

प्रश्न : असा प्रदेश भारतात कोठे पाहायला मिळेल? महाराष्ट्रात आहे का?
– एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : आपल्याच चंद्रपूर आणि शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात चुनखडी मुबलक आहे; आपल्याकडचे सिमेंटचे कारखाने तिच्यावरच उभे आहेत. परंतु तो प्रदेश बराचसा सखल असल्याने तेथे अशा खोल दऱ्या तयार झालेल्या नाहीत. त्यासाठी मेघालयात जावे. जैंतिया टेकड्यांमधील क्रेम लियाट प्राह ही गुहा ३० किलोमीटरहून अधिक लांब असून दक्षिण गारो हिल्स जिल्ह्यात सिमसांग नदीकाठी सिजू गुहा आहे. तेथेही पाण्याविषयी वर सांगितलेला नियम लागू होतो, आणि तोही अधिक कठोरपणे, कारण पावसाळ्यात तेथील गुहा पाण्याने भरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कोरड्या महिन्यांतच, आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घेऊनच जावे.